घर मागं जोडायचंय? आधी गाडीला विचारा

रील तुम्हीही पाहिलेली असणार. लाल मातीचा सरळ रस्ता, पुढं उंच चाकांची गाडी, मागं जोडलेलं छोटं घर. संध्याकाळ झाली की घराची एक फळी खाली उघडते, त्यातून शेगडी निघते, छतावर तंबू उभा राहतो आणि एक जोडपं कॉफी पीत सूर्यास्त बघत बसतं. उमरी स्टेशनाबाहेरच्या चहाच्या हॉटेलात आमच्या एका मित्रानं ही रील आम्हाला आठवडाभर दाखवली. शेवटी म्हणाला, "मामाची बोलेरो हाय की. मागं असलं एक बनवलं तर माहूर, सहस्रकुंड, होट्टल, कुठंबी जाता येतंय. आपण नसलो तर भाड्यानं देऊ."

तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. गाडी मामाची. पैसे वडिलांच्या कापसाचे, एक लाख चाळीस हजार. या गोष्टी ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

कल्पना वेडी नव्हती, हे आधी सांगतो. घर सोबत घेऊन फिरणं आपल्या भागाला नवीन नाही. 'कॅरॅव्हॅन'ला मराठीत सरळ शब्द आहे, तांडा. बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य अन् मीठ लादून मुलुखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणत. आज किनवट-माहूरकडं 'तांडा' हे वस्तीचं नाव उरलंय, चालणं थांबलंय. आणि लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला तुमच्या आजोबांची पिढी कशी जायची ते घरी विचारा. बैलगाडीवर तट्ट्या, आत अंथरूण, मागं कडब्याच्या पेंढ्या, चार-चार दिवस मुक्काम गाडीखालीच. सरकारही या वाटेला आलंय. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात नुसत्या मोठ्या बसवजा गाड्या नाहीत, मागं जोडायचे कॅम्पर ट्रेलर आणि तंबूचे ट्रेलरही मोजलेत.

तर मित्रानं फॅब्रिकेशनवाला गाठला. ट्रॉल्या बनवणारा माणूस, हात पक्का. त्याला सांगितलं, मजबूत कर. त्यानं मजबूत केलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आत उभं राहता येईल एवढं उंच. चौकट लोखंडी, बाहेरून दोन मिलीमीटरचा पत्रा, आतून जाड प्लायवूड, दीडशे लिटरची पाण्याची टाकी, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. दिसायला झकास. सगळा गाव बघायला आला.

वजनकाट्यावर नेल्यावर रिकामा ट्रेलर ९१० किलो भरला. पाणी, सिलेंडर, भांडी, गाद्या, हत्यारं घालून ११८०.

हा आकडा बघून आमच्यापैकी कुणालाच काही वाटलं नाही. ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढतोय, बोलेरो हे ओढणार नाही होय? इथंच पहिली गफलत. ट्रॅक्टर हळू चालतो, त्याच्या मोठ्या चाकांवर ओढीसाठीच वजन दिलेलं असतं. तुमची गाडी ताशी साठ-सत्तरनं जाते. आणि ओढणं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न थांबण्याचा.

हिशोब करून बघा. टाकी भरलेली बोलेरो, ड्रायव्हर सोडून, आमच्या काट्यावर १५७० भरली. आत पाच जण बसले की १९०० च्या आसपास. या १९०० ला थांबवायला कंपनीनं ब्रेक दिलेत. मागं ११८० किलो बिनब्रेकचं जोडलं की तेच ब्रेक ३०८० किलो थांबवायला लागतात, म्हणजे दीडपटीहून जास्त. त्यात वेगाची मेख अशी, की वेग साठवरून ऐंशीवर नेला तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटीहून थोडी जास्त होते. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. बारावीच्या फिजिक्सचं हेच सूत्र, तिथं एका मार्काला येतं.

जिथं हे घरं ओढणं रोजचं आहे त्या देशांचे आकडे म्हणून कामाला येतात. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची कमाल मर्यादा भरलेल्या वजनासकट ७५० किलो, किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी ते. ऑस्ट्रेलियातही ७५० च्या पुढं ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. इंग्लंडमधल्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा नवख्यांना सल्ला असा, की भरलेलं घर गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. आमचा मित्र हा ८५ वाला आकडा घेऊन नाचत आला. १५७० चे ८५ टक्के १३३४, आपलं ११८०, बसलं की! बसलं खरं, पण तो सल्ला ब्रेक असलेल्या घरांसाठीचा. आमच्याला ब्रेक कुठं होता?

कंपनीचा आकडा या सगळ्यांच्या वरचा. एकच गाडी ब्रेकच्या ट्रेलरला एक वजन ओढते, बिनब्रेकच्या ट्रेलरला दुसरं. जिम्नी घ्या. गाडीचं वजन बाराशे किलोच्या आसपास. ऑस्ट्रेलियात तिला ब्रेकसकट १३०० किलो आणि बिनब्रेक फक्त ३५० किलो ओढायची परवानगी आहे. ३५० म्हणजे नुसता सांगाडा, गादी अन् थोडं सामान. आपल्या चाकणमध्ये बनणारी स्कॉर्पिओ-एन तिकडं ब्रेकसकट २५०० किलोपर्यंत ओढते, बिनब्रेक ७५०. तुमच्या गाडीच्या इथल्या माहितीपुस्तिकेत हा आकडा सापडला नाही तर सर्व्हिस सेंटरवाल्याच्या "ओढती की, काय होत नाही"वर जाऊ नका. कंपनीला मेल करा, लेखी उत्तर मागा. छोटी हॅचबॅक असेल, तिच्याखाली वेगळी लोखंडी चासी नसेल, तर ट्रेलरचा विषय डोक्यातून काढलेला बरा. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ, जिम्नी या चासीवरच्या गाड्या, हूक कशाला बसवायचा ते त्यांच्यात तरी कळतं. तो हूक बंपरला नाही, चासीलाच बसला पाहिजे.

आता पहिल्या फेरीची गोष्ट. भोकर रस्त्याला निघालो. चाळीसपर्यंत छान. पंचावन्नला मागचं घर डुलायला लागलं. आधी थोडं, मग म्हशीच्या शेपटीसारखं इकडून तिकडं, आणि त्याच्यासोबत बोलेरोचं बूड. मित्रानं घाबरून ब्रेक मारला, तर डुलणं वाढलं. समोरून टेम्पो येत होता. तो त्याच्या बाजूला जितका सरकता येईल तितका सरकला म्हणून मी हे लिहायलोय.

असं झालं तर काय करायचं ते इथंच सांगून टाकतो. ब्रेक दाबू नका, वेग वाढवून 'सरळ करायचा' प्रयत्न तर अजिबात नको. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, गाडीला आपोआप मंदावू द्या. ट्रेलरला स्वतंत्र हातब्रेकचं बटण असेल तर फक्त तेवढं दाबा.

घरी आलो. मित्राचे आजोबा ओट्यावर बसलेले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी घराकडं बघितलं, दांडी हातानं उचलून पाहिली, ती पटकन वर आली, आणि म्हणाले, "उलाळ झालीय रे गाडी. बैलाला फास लावूलाला का?"

'उलाळ' शब्द शहरातल्या वाचकांनी ऐकला नसेल. बैलगाडीत मागं जास्त भरलं की मागची बाजू खाली बसते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याचे पट्टे ताणले जातात. पुढं फार भरलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून कडबा असो की पोती, गाडी भरणारा माणूस चाकाच्या कण्याच्या थोडं पुढं वजन ठेवतो, मानेवर बेताचा दाब राहील एवढं. परदेशातली जाडजूड पुस्तकं हुकावरच्या वजनाबद्दल पानंच्या पानं लिहितात, ती याच गोष्टीबद्दल. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा सात ते दहा टक्के भाग हुकावर दाबून राहिला पाहिजे. ऑस्ट्रेलियात दहाच्या जवळ ठेवतात, युरोपात थोडा कमी. आमचं ११८० होतं, म्हणजे हुकावर ऐंशी ते एकशे वीस किलो हवे होते. पाण्याची दीडशे किलोची टाकी कण्याच्या मागं, पार शेवटाला बसवलेली. हुकावर वीस किलोही नव्हते.

मोजायची पद्धत सोपी आहे. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना दगड, सगळं सामान आत, पाणीही. दांडीच्या टोकाखाली, गाडीच्या हुकाच्या उंचीएवढा लाकडाचा ठोकळा उभा करा आणि तो धान्याच्या काट्यावर ठेवा. येईल तो आकडा. मोठा वजनकाटा पाच-दहा किलोच्या पटीत वाचतो, एवढ्या बारीक मापाला तो चालत नाही. आणि हे हुकावरचं वजन तुमच्या गाडीतल्या भारात धरायचं. गाडी पाच माणसं अन् डिकीभर सामानानं आधीच भरलेली असेल तर वरचे साठ किलो मागच्या चाकांवर बसतात, पुढची चाकं हलकी होतात, अन् स्टिअरिंग पोकळ लागायला लागतं.

त्यानंतर घर पुन्हा उघडलं. एक लाख चाळीस हजार गेलेले, वर आणखी पंचेचाळीस लागले. मित्राच्या वडिलांचं तोंड त्या दिवसांत बघवत नव्हतं, काही बोलायचे नाहीत एवढंच.

वजन कुठं जातं हे कळलं की हलकं करणं अवघड नाही. आठ बाय चारचा दोन मिलीमीटरचा लोखंडी पत्रा एकटाच ४६ किलोंचा असतो, आम्ही असे पाच लावले होते. तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सोळा किलो. अठरा मिलीमीटरच्या प्लायवूडची एक शीट तीस-पस्तीस किलो. घरगुती सिलेंडर भरलेला तीस किलोच्या घरात, पाच किलोचा छोटा पुरतो. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी पन्नास-साठ किलो, तर दिवे, पंखा, मोबाईलपुरती शंभर अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी बारा किलोच्या आसपास. महाग आहे, पण वजनाच्या प्रत्येक किलोला डिझेल लागतं. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, यात सूट नाही. दीडशे लिटर पाणी घेऊन फिरायला आपण काही वाळवंटात नाही. वीस लिटरचे दोन जार, कण्याच्या पुढं, बास.

सगळ्यात मोठी बचत मात्र उंचीत झाली. उभं राहायचा हट्ट सोडला. आत फक्त झोपायचं, स्वयंपाक मागची फळी उघडून बाहेर. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून थेंबाच्या आकाराचे असे छोटे ट्रेलर आहेत, दोन माणसं झोपतील एवढीच जागा. उंची कमी झाली की वाराही कमी अडतो, गुरुत्वमध्यही खाली येतो. भिंतीत फोमचे पॅनल घातले, कारण उन्हाळ्यात नुसत्या पत्र्याचं घर म्हणजे भट्टी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, त्या रीलमधल्या जोडप्याला उमरीत एक दुपार काढायला लावा!

नवं वजन रिकामं ५२०, भरून ६४०. हुकावर ५५. कागदावर बिनब्रेकही चाललं असतं, तरी आम्ही ब्रेक बसवला. ट्रेलर पुढं रेटला की दांडीतली सळई आत दबते आणि त्या दाबानंच चाकाचे ब्रेक लागतात, असली साधी यंत्रणा. पुढच्या गाडीला वायर नको, काही नको. रिव्हर्स घेताना तोच ब्रेक लागून बसतो, तेवढा खटका आधी काढायला विसरू नका. हुकाशिवाय दोन साखळ्या, एकमेकींना छेदून. पिन तुटली तर दांडी रस्त्यात रुतत नाही, साखळ्यांच्या झोळीत पडते.

'ऑफ-रोड' शब्दावर थोडं थांबतो, कारण विकणारे तो शब्द मोठ्या चाकांवर विकतात. मोठी चाकं म्हणजे ऑफ-रोड नाही. बघायचं ते हे: ट्रेलरची चाकं गाडीच्याच मापाची आणि त्याच बोल्टांची आहेत का? असतील तर एकच स्टेपनी दोघांना चालते, आणि हिमायतनगरच्या पुढं कुठं रात्री टायर बसलं तर त्याची किंमत कळते. दोन चाकांमधलं अंतर गाडीएवढंच आहे का? चाकोरी हा शब्द आपण कॉलेजात निबंधात वापरतो, पण मुळात ती बैलगाडीच्या चाकांनी पडलेली खाच. मागची चाकं पुढच्याच चाकोरीत चालली तर ओढ कमी लागते. वेगळी असली तर ट्रेलर स्वतःची नवी चाकोरी पाडत जातो अन् तुमचा क्लच जळतो. हूक असा हवा की ट्रेलर उंचसखल जागी पिळला तरी तो निसटणार नाही. जमिनीपासूनची उंची, पाट्यांची ताकद हे नंतर.

आणि आपली काळी माती. कोरडी असताना ती रस्ता आहे, पाऊस पडला की ती चाकाला चिकटून चाकाएवढीच जाड होते. तिथं ट्रॅक्टर रुततात. ६४० किलो मागं घेऊन टू-व्हील ड्राइव्हची बोलेरो जूनपासून दसऱ्यापर्यंत डांबर सोडून खाली घालू नका. फोर-व्हील असली तरी शेताच्या वाटेवर घालायच्या आधी उतरून चालत जा, चप्पल किती जड होते ते बघा. किनवट-माहूरच्या बाजूची मुरमाड जमीन त्या मानानं बरी.

एक गोष्ट मला या सगळ्यात घाईनं सांगायची नव्हती म्हणून मागं ठेवली. अकरावीला आमच्या वर्गात एक मुलगा होता. साखर कारखान्याच्या हंगामात, रात्री, उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल धडकली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, ऊस चाकाबाहेर लोंबत होता. आमच्या भागात अशी ओळखीची एक तरी आठवण नसलेलं घर शोधावं लागेल. तुम्ही जे मागं जोडाल ती शेवटी ट्रॉलीच आहे. ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा हे गाडीच्या वायरिंगला जोडलेले आणि चालू पाहिजेत, मागं लाल अन् बाजूला पिवळे रिफ्लेक्टर पाहिजेत, आणि निघायच्या आधी दर वेळी एकानं मागं उभं राहून बघायचं. आमच्या फॅब्रिकेशनवाल्यानं पहिल्यांदा यातलं काहीच लावलं नव्हतं, मागितलं नाही म्हणून. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, झोपायचं तर दूरच.

राहिले कागद. इथं आमचा मित्र अजून अडकलेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. गाडीचा नंबर त्याला चालत नाही, त्याची वेगळी नोंदणी हवी, विमा हवा. नोंदणीसाठी त्या नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते. पुण्यातली एआरएआय ही त्यातली एक. गावातल्या वेल्डरकडं असली मंजुरी कुठून असणार? कलम ५२ मुळं गाडीतही मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. "ओळख आहे, होऊन जाईल" म्हणणारा एक माणूस आम्हालाही भेटला होता. अपघात झाला तर विमा कंपनी त्या ओळखीला विचारत नाही. तेव्हा विकत घेताय? पैसे द्यायच्या आधी मंजुरीचं पत्र बघा, आणि नोंदणी करून देतो हे बिलावर लिहून घ्या. बनवून घेताय? आधी आरटीओत जाऊन विचारा, मग लोखंड आणा. आम्ही उलटं केलं.

खरं सांगायचं तर तुमच्यातल्या बहुतेकांना ट्रेलरची गरजच नाही. वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्याला गाडी, छताचा कॅरिअर आणि एक चांगला तंबू पुरतो. ट्रेलर कुणासाठी? ज्याचं सामान मोठं आहे, जो एका जागी तीन-चार दिवस थांबतो, ज्याला घर तिथं सोडून गाडी घेऊन फिरायचंय त्याच्यासाठी. किंवा भाड्यानं द्यायचा धंदा करायचाय त्याच्यासाठी, पण त्याला तर कागद आधी.

मित्राचं घर सध्या अंगणात उभं आहे, दांडीखाली ठोकळा, वरून ताडपत्री. त्यानं एका मंजुरीवाल्या कारखान्याशी बोलणं सुरू केलंय, आपली चासी काढून त्यांची घालायची आणि वरचं घर ठेवायचं, असं काहीतरी जमतंय का बघायलेत. आजोबा दुपारी त्यातच झोपतात, फोममुळं गार लागतं म्हणतात. मार्गशीर्षात माळेगावला जायचं ठरलंय. तोवर कागद झाले तर घर घेऊन, नाहीतर बोलेरो आणि दोन तंबू.